इब्रामपुरात म्हणे रविवारीच शुक्रवार शिजतो

जरा हळू बोला. भिंतींना कान सगळीकडेच असतात, आमच्या इब्रामपुरात त्या कानांना पायही आहेत. तर बातमी अशी, की गावातल्या काही सुना रविवारी दुपारी कंबर खोचून उभ्या राहतात, सबंध आठवड्याचं जेवण एका दमात रांधतात आणि डबे भरून बर्फात घालून मोकळ्या होतात! चण्यांचं तोणाक, अळसांद्यांची उसळ, कोंबडीची शाकुती, भाजून वाटलेलं खोबरं. प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी आणि चिकटपट्टीवर तारीख. आजवर तारीख लग्नपत्रिकेवर असायची. आता शाकुतीलाही मुहूर्त लागतो.

"शिव शिव, रविवारचं शिळं गुरुवारी वाढतात गे!" हे उद्गार ज्या घरून आले त्या घरच्या फ्रीजरकडे आपण येऊच. आधी सुनांची बाजू. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३मध्ये सुरू झाला, पेडण्यातली कितीतरी माणसं शिफ्टला लागली. कुणी म्हापशाला जातं, कुणी पणजीला. रात्री नऊला घरात पाऊल टाकणाऱ्या बाईनं आदोळीवर बसून नारळ कधी कातावा, हे मात्र टीकाकार मंडळानं अजून सांगितलेलं नाही.

आता तो फ्रीजर. गोव्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद. म्हणजे मे संपता संपता म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून पिशव्या येतात आणि बांगडे, सुंगटं, जमलंच तर इसवणाचे तुकडे असे काही ठासून भरले जातात, की बर्फाच्या ट्रेला घर सोडावं लागतं. ते शिळं नव्हे हां! ती पावसाळ्याची बेगमी, पुरमेंत. सासूबाईंचा मेमधला बांगडा जुलैत खाल्ला तर दूरदृष्टी, सुनेचं रविवारचं तोणाक गुरुवारी खाल्लं तर घराण्याला बट्टा. गंमत म्हणजे अन्न गोठवून विकण्याचा अमेरिकी उद्योगही माशावरूनच सुरू झाला. क्लॅरेन्स बर्ड्‌झाय नावाचा गृहस्थ १९१२मध्ये लॅब्राडोरला गेला. तिथल्या कडाक्याच्या थंडीत पकडल्याबरोबर गोठलेला मासा पुढे कित्येक दिवसांनीही ताजा लागतो, हे त्यानं इन्युइट लोकांकडे पाहिलं आणि पुढे त्याचाच धंदा केला.

पण खरा भडका श्रावणात उडतो. वरच्या कप्प्यात सुनेची शिवराक उसळ आणि तिला टेकून, अंगाला अंग लावून, सासूबाईंचा बांगडा! आता ओवळं कोण, उसळ की फ्रीज? एका बाजूचं म्हणणं, मासा आधी बाहेर काढा. दुसरी बाजू म्हणते, मासा बाहेर काढला तर तो खायचा कुणी, श्रावण आहे ना! चवथीच्या आधी फ्रीज घासूनपुसून निघतो तेव्हा कुठे हा तह होतो, तोही पुढच्या जूनपर्यंतच.

सुनांचं शास्त्र मात्र पक्कं आहे, हे मान्य करावं लागेल. मी मुद्दाम पाहायला गेले नव्हते. चहाला गेले होते, दिसलं. गरम टोप थेट आत जात नाही. लहान डब्यांत वाटून, लवकर निववून, दोन तासांच्या आत बर्फात. उणे १८ अंशांवर जंतू मरत नाहीत, नुसते गप्प बसतात, म्हणून एकदा काढलेला डबा चांगला उकळून संपवायचा. बटाटा गोठला की भुसभुशीत होतो, तो घालायचा तो वाढायच्या दिवशी. नारळाचा रस फुटतो, त्यामुळे सोलकढी कधीच नाही. भाजलेलं वाटप तेवढं खुशाल टिकतं.

घोटाळा करतात ते नवरे. डब्यावर नाव आहे, तारीख आहे, बायकोनं फोनवर दोनदा सांगितलेलं आहे, तरी प्लास्टिकचा डबा थेट गॅसवर ठेवणारे महाभाग या गावात आहेत. त्यांच्याविषयी शिव शिव कुणी केल्याचं ऐकिवात नाही.

आणि मग पावसाची लाईट जाते. गच्च भरलेला फ्रीजर दार न उघडता दोनेक दिवस तग धरतो, अर्धा रिकामा असला तर एकच, असं म्हणतात; पण सासूबाईंना बांगड्यांची चिंता, त्या दर तासाला दार उघडून पाहतात. दुसऱ्या दिवशीही लाईट आली नाही की संध्याकाळी टीकाकारांच्या घरून एकदम हुमणाचा, भाजलेल्या बांगड्यांचा आणि सुंगटांच्या सुक्याचा वास सुटतो. तासाभरात शिव शिववाल्या वहिनी झाकलेली वाटी घेऊन सुनेच्या दारात हजर. "तेवढं संपवायला मदत कर गे बाय. आणि तुझ्याकडे ती चिकटपट्टी आहे काय?"