निकाल आधीच लागलेला आहे

मरोळ नाक्यावर आता दोन मेट्रो मिळतात. पहिली २०१४ साली आली, दुसरी, भुयारी, २०२४ च्या ऑक्टोबरात. नाक्याच्या एका अंगाला सीप्झ, एमआयडीसी आणि विमानतळाजवळची तारांकित हॉटेलं; दुसऱ्या अंगाला चिमटपाडा, मासळी बाजार, मरोशी आणि पुढे आरेच्या कडेचे पाडे. एवढ्या दाटीत कोण कुठं राहतं हे घरांच्या एजंटाला तोंडपाठ असतं. म्हणूनच शिक्षण खात्याला एक नम्र सूचना: इथल्या महापालिका शाळेतल्या पोरांच्या परीक्षा बंद कराव्यात आणि गुण त्या एजंटाकडूनच मागवावेत. खोलीचं भाडं किती, आईबाप किती शिकलेत, घरात कोणती बोली चालते, एवढं कळलं की वर्गाची सरासरी तो चहा संपायच्या आत सांगेल. कागद वाचेल, पर्यवेक्षक वाचतील आणि शिक्षक निवडणुकीच्या कामाला मोकळे होतील. तशी सोय शिक्षणहक्क कायद्याच्या २७ व्या कलमात आहेच. शिक्षकांना अशैक्षणिक कामं देऊ नका, असं बजावून त्याच दमात जनगणना, आपत्ती आणि निवडणुका त्यातून वगळल्या आहेत.

सूचना वात्रट वाटेल, पण तिच्यामागे १९६६ सालापासूनचा पुरावा उभा आहे. अमेरिकेत समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांनी सरकारसाठी लाखो विद्यार्थ्यांची पाहणी केली. शाळाशाळांमधल्या सोयींचा फरक मोजायचा होता. हाती लागलं ते हे की, मुलांच्या गुणांचं नातं इमारत-प्रयोगशाळेपेक्षा घरच्या परिस्थितीशी जास्त घट्ट आहे. आपल्याकडे पुरावा शोधायलाही नको. तो यूडायस या सरकारी शाळा-नोंदणीच्या रकान्यांत शिक्षकच दरवर्षी भरतात: मातृभाषा, सामाजिक प्रवर्ग, दारिद्र्यरेषा, दिव्यांगत्व, आधार, आणि आता त्यावर ‘अपार’ हा विद्यार्थ्याचा नवा ओळखक्रमांक. महापालिका आठ माध्यमांच्या शाळा चालवते, तरी घरी भोजपुरी किंवा अवधी बोलणारं पोर हिंदी माध्यमात बसतं आणि सगळ्यांच्या लेखी मातृभाषेतच शिकत असतं. हे सारं एका फॉर्मात इमानेइतबारे नोंदवायचं आणि निकालाच्या तक्त्यात त्यातलं काहीच दिसू द्यायचं नाही, अशी रीत आहे. तक्त्यात नापास होते ती शाळा. मग तिचा पट घसरतो, पट घसरला की तुकडी जाते, तुकडी गेली की शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरतात आणि शाळा खरोखरच वाईट होते. शेवटी भाकीत खरं ठरल्याबद्दल कौतुक तक्त्याचं.

यावर पहिला आक्षेप असा की, गरीब वस्तीतल्या काही शाळा उत्तम चालतात. चालतात ना! पालिकेनंच सीबीएसईच्या शाळा उघडल्या. त्यातली पूनमनगरची मरोळपासून फार लांब नाही. प्रवेश लॉटरीनं. लॉटरी निःपक्षपाती असते, पण अर्ज भरणारे आधीच निवडून आलेले असतात. अर्ज कधी निघतो हे ज्याला कळतं आणि तो ऑनलाइन भरायला ज्याला सवड आहे, त्याच्याच मुलाचं नाव सोडतीत येतं. होळीला गावी गेलं की मुलाबाळांसह जूनपर्यंत न परतणारा बिगारी त्या सोडतीत नसतोच. पुढे निकाल चांगला लागला की श्रेय मंडळाच्या नावाला. खासगी शाळांना तर सोडतीचीही गरज नाही. चाळणीचं काम फी करते. म्हणून शिक्षणहक्क कायद्यानं त्यांच्या २५ टक्के जागा दुर्बल घटकांसाठी ठेवल्या. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य सरकारनं त्यावर तोड काढली: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी विनाअनुदानित शाळेला सूट. मरोळमध्ये अशी शाळा नसलेलं वर्तुळ काढायचं, तर कंपासाचं टोक धावपट्टीवर रोवावं लागेल. सरकारला स्वतःच्या शाळांचा इतका अभिमान एरवी कधी वाटल्याचं आठवत नाही. मुंबई उच्च न्यायालयानं मे महिन्यात स्थगिती दिली, १९ जुलैला तो बदल रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयातही हाच निर्णय टिकला. अभिमान ओसरला.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. परिस्थितीची सबब मिळाली की शिक्षक निवांत होतात आणि गरिबाच्या पोराकडून अपेक्षाच कमी ठेवल्या जातात. इंग्लंडनं २००६ पासून शाळांचे निकाल मुलांच्या परिस्थितीचा हिशेब धरून मांडायला सुरुवात केली होती; पुढच्या सरकारनं नेमक्या याच आक्षेपावर ती पद्धत मोडीत काढली. आक्षेप रास्त आहे. म्हणूनच गुणांत सवलत कोणी मागू नये. मूल जूनमध्ये कुठं होतं आणि एप्रिलमध्ये कुठं पोचलं, एवढंच गुणांच्या शेजारी छापावं. इंग्लंडमध्येही माध्यमिक शाळांना २०१६ पासून अशी प्रगतीची मोजणी लागू झाली. या मापात सबब चालत नाही, उलट निवांत शिक्षक लगेच उघडा पडतो. आज काय होतं? अक्षरओळख नसलेल्या पोराला वाचतं करणारी पालिकेची बाई सरासरीत बुडते आणि शिकवणीवर तयार झालेल्या मुलांची फक्त हजेरी घेणारी शाळा नामांकित ठरते.

तिसरा आक्षेप खर्चाचा. पालिका मुलांना २७ शालोपयोगी वस्तू फुकट देते. निकालपत्रकावरचा एक रकाना अठ्ठाविसावी वस्तू म्हणून सहज खपेल. हा रकाना नसला, तरी नापास करण्याची तयारी सरकारनं आधीच केली आहे. २०२३ मध्ये नियम बदलून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणली. त्यात आणि पुनर्परीक्षेतही जमलं नाही, तर मूल त्याच वर्गात. म्हणजे या सगळ्या उतरंडीत व्यक्तिशः जबाबदार असा एकच इसम सापडला, आणि तो दहा-अकरा वर्षांचा आहे. नव्या रकान्याचा एक धोका मात्र सांगून ठेवायला हवा. पोरं पुढं सरकली आणि तरीही शाळा ओस पडली, तर नापास कोण, हे वस्तीला विचारता येणार नाही. ते मुख्यालयात विचारावं लागेल, आणि तिथं पुनर्परीक्षेची सोय नाही.