अण्णांची उतरंड

नवी सायकल घेतली की पेढे खुशाल वाटावेत, पण सायकल अण्णांच्या नजरेस पडू देऊ नये. पडलीच, तर ते अभिनंदन करत नाहीत, रंगाबद्दल चकार शब्द काढत नाहीत. थेट मागच्या चाकाशी उकिडवे बसतात, चष्मा कपाळावर सरकवतात आणि गिअर बदलणाऱ्या डिरेल्युअरवरची बारीक अक्षरं वाचतात. मग एक सुस्कारा. मग ते वाक्य : ‘‘अजून तीन हजार घातले असतेस ना...’’

हे तीन हजार कुठल्याही सायकलीला लागू पडतात. अठरा हजारांच्या सायकलीत तीन कमी पडलेले असतात आणि दीड लाखाच्या सायकलीतही तीनच. रुपया घसरला, जीएसटी आला, आणखी काय काय झालं. अण्णांचे तीन हजार जागचे हलले नाहीत.

याचं मूळ शिमानोत आहे. जपानमधल्या साकाईला १९२१ साली निघालेल्या या कंपनीनं आधी फ्रीव्हील बनवलं आणि पुढे माउंटन बाइकच्या गिअरांची अशी काही उतरंड रचली की ती अण्णांना रामरक्षेसारखी पाठ आहे. तळाला टूर्नी. मग अल्टस, असेरा, अलिव्हिओ. मध्यावर डिओरे, म्हणजे इथून पुढे माणसांत बसता येतं. त्यावर एसएलएक्स, एक्सटी आणि शिखरावर एक्सटीआर. सायकलीपुरतं हे ठीक होतं, पण अण्णांनी सगळी सृष्टीच या आठ पायऱ्यांवर बसवून टाकली आहे.

सोसायटीचा चेअरमन टूर्नी : ‘‘हलवला तर हलतो, पण केवढा आवाज करतो!’’ कोपऱ्यावरची मिसळ डिओरे, पैसे वसूल. पुतणीला सांगून आलेल्या मुलाला घरचे सगळे बघत होते. अण्णांनी त्याला दोन प्रश्न विचारले आणि चहाचा कप खाली ठेवत माझ्या कानात म्हणाले, ‘‘एसएलएक्स आहे. पण आईबाप एक्सटीच्या भावानं सांगतायत.’’ सवाई गंधर्व महोत्सवाला ते माझ्याबरोबर आले होते. पहिल्या गायकाला त्यांनी अलिव्हिओत टाकलं आणि मध्यंतरात खुलासा केला की गळा डिओरे आहे, तबला असेरा असल्यामुळे सेटिंग लागत नाहीये. वैकुंठ स्मशानभूमीत एका परिचिताच्या चितेपाशी उभे असतानाही त्यांना राहवलं नाही. ‘‘अल्टस माणूस. पण जन्मात कधी अडकला नाही,’’ असं म्हणून त्यांनी डोळे पुसले. आपल्या समाजाला उतरंड शिकवावी लागत नाही. नवी नावं पुरवली की पुरे.

स्रॅम ही शिकागोची कंपनी १९८७ सालची, त्यामुळे अण्णांच्या लेखी कालची. तिचीही स्वतःची उतरंड आहे : एसएक्स, एनएक्स, जीएक्स आणि वरची मंडळी. ‘‘त्यांच्याशी आपला रोटीव्यवहार आहे, बेटीव्यवहार नाही,’’ असं अण्णा सांगतात आणि पंचाईत अशी की ते खरं आहे. चेन इकडची तिकडे बऱ्याचदा चालून जाते. पण हँडलवरचा शिमानोचा शिफ्टर आणि स्रॅमचा डिरेल्युअर यांचं लग्न लावलं तर जमत नाही. एका खटक्याला केबल किती खेचायची, याचं दोघांचं माप वेगळं.

त्यांना दुकानात बरोबर नेऊ नये, हेही खरं आणि नेल्याशिवाय जाऊ नये, हेही खरं. भाच्यासाठी सायकल घ्यायला गेलो तेव्हा विक्रेता मोठ्या उत्साहात म्हणाला, ‘‘सर, एक्सटी गिअर आहेत.’’ अण्णा उकिडवे बसले. ‘‘नवरदेव एक्सटी आहे,’’ ते खालूनच म्हणाले, ‘‘वऱ्हाड कुठलं आणलंत?’’ शिफ्टर खालचा, कॅसेट म्हणजे मागच्या चकत्यांची चळत खालची, चेन तर कुणाची ते चेनलाही ठाऊक नसावं. गिऱ्हाईक मागचा डिरेल्युअर तेवढा बघतं, म्हणून तेवढाच भारी लावायचा ही जुनी युक्ती आहे. अण्णांचं म्हणणं उलटं : पैसे आधी शिफ्टरमध्ये घाला, अंगठ्याला रोज तोच लागतो. शेजारी एक गृहस्थ मुलासाठी ‘एकवीस गिअरवाली’ दाखवा म्हणत होते. त्यांनी कुणाला काही विचारलं नव्हतं, पण अण्णांनी खिशातून पेन काढलं. पुढे तीन चकत्या, चोवीस ते बेचाळीस दात्यांच्या. मागे सात, चौदा ते अठ्ठावीस. त्यातले निम्मे गिअर एकमेकांची नक्कल. सगळ्यात हलक्यापासून सगळ्यात जडापर्यंत पल्ला साडेतीन पट. आणि पुढे एकच चकती, मागे दहा ते एकावन्न दात्यांच्या बारा, असा डिओरे घेतला तर पल्ला पाच पटींहून जास्त. ‘‘म्हणजे बारा हे एकविसापेक्षा मोठे!’’ अण्णांनी निकाल दिला. गृहस्थांनी मुलाचा हात धरला आणि ते दुकानाबाहेर पडले. त्या दुकानात आता अण्णांना चहा विचारत नाहीत.

एका मित्राला मात्र अण्णांचा सल्ला ऐकायची बुद्धी झाली. त्याची सायकल नऊ गिअरांची, आणि अण्णा म्हणाले, तीन हजार घाल, बारा करू. बारा करायचे तर शिफ्टर, डिरेल्युअर, कॅसेट, चेन सगळंच नवं. ती कॅसेट आणली तर जुन्या हबवर बसेना, कारण शिमानोच्या दहा दात्यांच्या चकतीला मायक्रो स्प्लाइन नावाचा वेगळा फ्रीहब लागतो. त्या हबला तसा फ्रीहब मिळेना, म्हणून अख्खं चाक. शेवटी वहिनींनी विचारलं, ‘‘आधीच्या सायकलीतलं नक्की काय उरलं?’’ अण्णांनी प्रामाणिकपणे सांगितलं, ‘‘घंटी.’’

स्वतः अण्णांनी एक्सटीआरची कॅसेट लावली आहे. डिओरेच्या कॅसेटपेक्षा ती सव्वादोनशे ग्रॅम हलकी, हे ते ओळख झाल्यावर पाचव्या मिनिटाला सांगतात. पाठीवरच्या पिशवीत मात्र चेन तोडायचं हत्यार, ॲलन कीचा जुडगा, ग्रीस, केबलचं भेंडोळं आणि हँगरचे तीन नमुने असा दोन-तीन किलोंचा संसार कायम असतो. हँगर म्हणजे फ्रेमला स्क्रूनं लावलेला मऊ ॲल्युमिनियमचा बोटाएवढा तुकडा. डिरेल्युअर त्याच्यावर लटकतो. सायकल उजव्या अंगावर पडली की आधी तो वाकतो आणि फ्रेम वाचते. उतरंडीत त्याचं नाव नाही. किंमतही चहा-नाश्त्याची.

वेताळ टेकडीवर एका कॉलेजच्या पोराची सायकल अशीच पडली. टूर्नी, तीही गंजलेली. मला वाटलं, आता तीन हजार. पण अण्णांनी पिशवी उघडली, हँगर डोळ्याच्या अंदाजानं सरळ केला, पोराला मागचं चाक उचलून धरायला सांगितलं आणि हातानं पेडल फिरवत कान कॅसेटपाशी नेला. कर्र, कर्र. केबलची नळी शिरते तिथला छोटा गोल स्क्रू पाव फेरा उलटा. पुन्हा पेडल. कर्र. अजून एक पाव फेरा. मग आवाजच नाही. फक्त चेनची बारीक सळसळ. अण्णांनी डोळे मिटले होते. पोरगा ‘थँक्यू काका’ म्हणून निघून गेला, त्याच्या सायकलीची पायरी अण्णांनी सांगितलीच नाही. मीही विचारली नाही. या माणसाबद्दल चांगलं लिहायची माझी मुळीच इच्छा नव्हती, पण ती पाच मिनिटं डोळ्यांपुढून जात नाहीत.

गेल्या थंडीत सिंहगडाला गेलो. गोळेवाडीपासून वर चढताना अण्णा बोलत होते, हे नेहमीचंच. विषय देग्रांज. ज्यानं टूर द फ्रान्स सुरू केली तो देग्रांज १९०२ साली म्हणाला होता की गिअर हे पंचेचाळिशीच्या पुढच्यांचं काम. त्याच्या शर्यतीत मोठ्या स्पर्धकांना १९३७ पर्यंत डिरेल्युअर लावायला मिळाला नाही. ‘‘मूर्ख माणूस!’’ अण्णा धापा टाकत म्हणाले आणि त्यांनी शेवटचा खटका दाबला. एकावन्नची चकती. पुढे बत्तीस. पेडलचा अख्खा फेरा मारला तरी चाक पाऊणही फिरत नाही. पायी चढणारी एक आजी आम्हाला मागे टाकून गेली.

मग वळणावर ते उतरले, डावा गुडघा दोन्ही हातांनी दाबत. माझ्या डोक्यात तेव्हा कुठे हिशेब लागला. त्यांच्या पहिल्या सायकलीला मागे अठ्ठावीस दात्यांची चकती होती. मग चौतीस, छत्तीस, बेचाळीस. दर वेळी अण्णा आम्हाला तंत्रज्ञान कुठे चाललंय ते समजावून सांगत आले. गुडघा कुठे चाललाय, ते कधी बोलले नाहीत.

‘‘एकावन्नच्या पुढे शिमानोत काही नाही,’’ ते म्हणाले. ‘‘स्रॅमचं बावन्न आहे. पण मी तिकडे जाणार नाही.’’

मी त्यांची पिशवी माझ्या पाठीवर घेतली. नको म्हणाले नाहीत. वर पोचल्यावर मडक्यातलं दही खाताना मी बऱ्याच वर्षांचं मनातलं विचारून टाकलं : ‘‘अण्णा, मी कुठल्या पायरीवर?’’

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. ‘‘तू पायरीवर नाहीस. तू हँगर. तोही जरा वाकलेला.’’

आणि दह्याचे पैसे मला द्यायला लावले. स्वतः मात्र आणखी एक मडकं मागवलं.