लेफ्टला दाबा!

रस्ता जितका वाईट, तितका पहाडी ड्रायव्हर कमी बोलतो आणि आमचे काका जास्त. अटल बोगद्याच्या ९ किलोमीटरांत ड्रायव्हरसाहेबांनी मुलीच्या शाळेपासून सफरचंदाच्या भावापर्यंत सगळं सांगून टाकलं. ग्राम्फूनंतर चांगला रस्ता संपला, ते गप्प झाले आणि काकांनी सूत्रं हाती घेतली. मुंबई-गोवा हायवेवर गाडी चालवलेल्या माणसाला कोण शिकवणार?

चंद्रतालला जायचं तर मनाली पहाटेच सोडावी लागते. ऊन चढलं की वरचं बर्फ वितळतं आणि रस्त्यात आडवे येणारे नाले फुगतात. 'नाश्ता करून निघू' हा काकांचा ठराव त्यामुळेच बारगळला होता. पहिल्या नाल्याशी ड्रायव्हर उतरले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि त्या गारढोण पाण्यात पायांनी दगड चाचपत पलीकडे जाऊन आले. मग पाय पुसले, पहिला गिअर टाकला.

"मैं भी यही बोलनेवाला था," काका म्हणाले.

बातालच्या पुढे डावीकडे फाटा फुटतो. तिथून तळ्यापर्यंत जेमतेम एका गाडीपुरती वाट.

"भैया, जरा लेफ्ट में दबाओ!"

लेफ्टला चंद्रा नदी होती. बरीच खाली.

हे अभयारण्य आहे असं मी म्हटल्यावर काकूंनी खिडकीवरची मूठ न सोडता अरण्याची चौकशी केली. झाड औषधालाही नव्हतं. तेवढ्यात समोरून टेम्पो ट्रॅव्हलर आली. रुंद जागा आमच्या मागे, म्हणजे रिव्हर्स आमच्या नशिबी. काका उतरून 'आने दो, आने दो' करू लागले. ड्रायव्हरनी आरशात फक्त दरड पाहिली, काका नाही. काकांनी 'बस्स!' म्हणायच्या आधीच गाडी थांबली होती, आणि धुरळ्यातून काका पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे बाहेर आले.

गाडीतळापासून तळ्यापर्यंत चालावं लागतं. १४,००० फुटांवरच्या विरळ हवेत काकांचाही आवाज बसला. तळं निळंशार. हे पाणी चंद्रेत जातं, ती तांदीला भागेला मिळून चंद्रभागा होते, एवढं सांगताच काकूंनी ओंजळ भरून डोळ्यांना लावली. पंढरपूरची वेगळी, ही पुढे चिनाब होते, हे ऐकायला त्या थांबल्याच नाहीत.

गाडीपाशी परतल्यावर श्वास जागेवर आलेले काका ठाण्याच्या काही मंडळींना सांगत होते, "रस्ता काही विशेष नाही हो. आणली आम्ही गाडी!"

मराठी न कळणाऱ्या ड्रायव्हरना नेमकं हे कळलं. त्यांनी किल्ली पुढे केली. "तो वापसी आप ही चलाइए, साहब."

काकांना एकदम गुडघा आठवला.