गुराब आणि पोह्याचा चमचा

थर्माकोलचं जहाज करू पाहणाऱ्यापुढे रसायनशास्त्राने एक पेच टाकून ठेवला आहे. चपला चिकटवायचं पिवळं सोल्युशन पाण्याला दाद देत नाही, पण ते थर्माकोलच खाऊन टाकतं. थर्माकोलला जपणारा पांढरा गोंद पाण्यात सुटतो. आम्ही टाचण्या टोचून फटींत मेण ओतलं. थर्माकोलही जुनंच, माळ्यावरच्या मखराचं. 2018 च्या बंदीनंतर ते ना वापरता येत होतं, ना टाकवत होतं.

चिरंजीव चौथीत. चौथीच्या इतिहासात शिवाजी महाराज, तेव्हा दिवाळीचा किल्ला झाल्यावर ‘आरमारातलं जहाज, टाकाऊ वस्तूंपासून’ हा प्रकल्प ओघानेच आला. निवड गुराबेची झाली. गुराबेला डोलकाठ्या दोन किंवा तीन असत. आमच्या गुराबेला अर्थातच तीन. काठ्या खराट्याच्या हिरांच्या, शिडं दुधाच्या पिशव्यांची.

खऱ्या गुराबेचं बूड उथळ आणि रुंद, त्यामुळे ती खाडीतही शिरायची. ती बांधणाऱ्यांच्या घरी सल्लागार समिती नसावी. चिरंजीवांना रिकाम्या रिफिलींच्या तोफा हव्या होत्या, त्याही दोन मजले. आईला सगळ्यात उंच काठीवर भगवा हवा होता, “आणि लांबून दिसला पाहिजे हो!” सासरेबुवांनी कप्तानासाठी सज्जा सुचवला. जो येई तो जहाजाच्या डोक्यावर काहीतरी ठेवून जाई. बुडाखाली वजन लावू या म्हटलं की सगळे गप्प. पाण्याखाली जाणारी गोष्ट दिसत नाही, तिच्यासाठी हौशी माणूस मिळणार कुठून?

टबात सोडताच गुराबेने साष्टांग नमस्कार घातला.

पण हा मान आमचा एकट्यांचा नाही. स्वीडनच्या गुस्ताव्ह अडॉल्फ राजाने ‘वासा’ नावाची युद्धनौका बांधून घेतली होती. दोन मजले तोफा, वर कोरीव पुतळ्यांची गर्दी. निघण्याआधी 30 खलाशांना डेकवर या कडेपासून त्या कडेपर्यंत पळवून पाहिलं, तर ती इतकी डुलायला लागली की चाचणी थांबवावी लागली. जहाज मात्र कोणी थांबवलं नाही. 10 ऑगस्ट 1628 रोजी स्टॉकहोमच्या बंदरातून ते निघालं, जेमतेम सव्वा किलोमीटर गेलं, वाऱ्याने कललं आणि तोफांच्या उघड्या झडपांतून पाणी शिरून बुडालं. चौकशी झाली. दोषी कोणीच सापडलं नाही. आमच्याकडेही नाही.

एकही तोफ उतरवायला समिती तयार होईना. शेवटी बुडात पोह्याचा चमचा उभा खुपसला, दांडा वर, वाटी खाली. “अहो, सहाच्या सेटमधला आहे तो!” हा आवाज स्वयंपाकघरातून आला, पण चमचा तोवर कामावर रुजू झाला होता. आता बोटाने कलती केली की बुडालेल्या बाजूला पाणी वर रेटतं, खालचं वजन आपल्या बाजूने खाली ओढतं आणि दोघं मिळून गुराबेला सरळ करतात. भगवा, तोफा, सज्जा, सगळ्यांसकट.

अशा दिमाखात गुराब शाळेत गेली. वर्गात टब नव्हता, टेबल होतं. आणि टेबलावर चमच्याच्या आधाराने काही उभं राहत नाही. बाईंनी वहीत शेरा दिला : ‘सजावट उत्तम. जहाज आडवे का?’

तेव्हा पालकहो, प्रकल्प पाण्यात तपासणार की टेबलावर, ते आधी विचारून घ्या. आणि चमचा आठवणीने परत आणा.