फास्ट फास्ट सर

नगरच्या सावेडीत एखाद्या दुमजली इमारतीच्या जिन्यावर चपलांचा ढीग दिसला आणि वरून शिट्टी ऐकू आली, तर समजायचं, इथं स्पोकन इंग्लिशचा क्लास आहे आणि तो फास्ट फास्ट सर चालवतात. पाटीवर त्यांचं खरं नाव असतं, पण ते कुणी वाचत नाही. संगमनेरला, श्रीरामपूरला, शेवगावला, थोड्याफार फरकानं हाच माणूस भेटेल. आमच्या वाट्याचा आमच्या डोक्यावरच असतो. संध्याकाळी सहा ते आठ. त्यांच्या शिट्टीपायी आमच्या घरात कुकरच्या शिट्ट्या मोजणं बंद पडलंय. कधी डाळ कच्ची, कधी भाताची पेज.

सरांचं भांडवल थोडकं: गळ्यात शिट्टी, हातात मोबाईलचं स्टॉपवॉच, एक स्पंजचा चेंडू आणि बोर्नव्हिटाचा रिकामा डबा. मराठी शब्द तोंडातून गेला की डब्यात रुपया. फळा आहे, पण त्यावर फक्त ‘टीम टायगर’ आणि ‘टीम लायन’चे मार्क. आणि ग्रामर? ‘‘चपला काढल्या ना बाहेर? ते पण तिथंच ठेवायचं, बरं का.’’

नव्या बॅचला पहिल्या दिवशी भाषण असतं. ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ नेहरूंनी कुठं लिहिलं? आपल्या किल्ल्यात, १९४४ साली. स्पाइक मिलिगन, अख्ख्या इंग्लंडला हसवणारा माणूस, कुठं जन्मला? आपल्या नगरात, १९१८ साली. ‘‘पाण्यातच हाय राव इंग्लिश! फक्त नळ सोडायचाय.’’ नेहरू कैदेत होते आणि मिलिगनचे वडील फौजेत, हा तपशील सर गाळतात.

समोर बसलेल्यांची गंमत अशी, की पहिलीपासून इंग्रजी राज्यात २००० सालीच आलं. म्हणजे राहुरीच्या कृषी विद्यापीठातला पोरगा काय नि एमआयडीसीतला सुपरवायझर काय, बहुतेकांच्या गाठीला दहा-बारा वर्षांचं इंग्रजी आहे. पॅसिव्ह व्हॉइस झोपेत करून देतील. पण समोरच्यानं ‘हाऊ आर यू’ विचारलं की छताकडं बघतात. सरांचं निदान साधं आहे: ‘‘लाज वाटायला टाइम लागतो. तो टाइमच मी देत नाय.’’

म्हणून चेंडू फिरतो. शिट्टी वाजेल तेव्हा ज्याच्या हातात असेल त्यानं अर्धं मिनिट बोलायचं. विषय सर तिथल्या तिथं फेकतात. ‘‘बस स्टँड!’’ ‘‘मदर-इन-लॉ!’’ ‘‘पॉवर कट! फास्ट, फास्ट!’’ हा खेळ बीबीसी रेडिओच्या ‘जस्ट अ मिनिट’वरून उचलल्याचं ते अभिमानानं सांगतात. १९६७ पासूनचा कार्यक्रम. तिथं अडखळायचं नाही, तेच ते म्हणायचं नाही आणि विषय सोडायचा नाही. सरांनी मिनिटाचं अर्धं केलं आणि तीनातले दोन नियम काढून टाकले. उरला तो न थांबण्याचा. ‘‘नगरी माणूस विषय सोडल्याशिवाय बोलतच नाय, त्याला काय करणार?’’

गोष्टीच्या साखळीत हे पटतं. प्रत्येकानं एकच वाक्य जोडायचं. ‘‘देअर वॉज अ किंग.’’ ‘‘किंग हॅज टू डॉटर.’’ ‘‘बिग डॉटर मॅरेज फिक्स.’’ ‘‘बट ओनियन रेट डाऊन.’’ ‘‘किंग गो टू घोडेगाव मार्केट, मॉर्निंग फाइव्ह.’’ ‘‘किंग फुल टेन्शन.’’ राजा कुठलाही असो, तिसऱ्या-चौथ्या वाक्याला कांदा घेऊन घोडेगावला निघतोच. सर मात्र टाळ्या पिटत असतात.

दंडाच्या डब्यात सगळ्यात जास्त पैसे सरांचेच. ऐन खेळात घरून फोन येतो. ‘‘हां... आणतो गं... कोथिंबीर पण... बरं ठेव.’’ टीम टायगर बोटं मोजत असते. त्याच पैशांचा शनिवारी चहा होतो.

एकदा न राहवून मी तक्रार घेऊन वर गेलो. दारात पाय ठेवला तर चेंडू माझ्या छातीवर. ‘‘टॉपिक, नॉइज! फास्ट!’’ मी शुद्ध मराठीत जे बोललो त्याचे एकोणीस रुपये झाले. मग बसलोच. पुढचा चेंडू केडगावच्या एका काकूंकडं गेला. मुलगा जर्मनीत, सून तिकडचीच. तिच्याशी दोन शब्द बोलता यावेत म्हणून त्या येतात, असं शेजारच्यानं कानात सांगितलं. विषय निघाला ‘किचन’. काकूंनी पदर सावरला. ‘‘माय डॉटर-इन-लॉ... कुक गुड. बट नो हिंग. आय सेंड हिंग. शी कीप इन बाथरूम! शी सेज स्मेल! आय से, यू फर्स्ट पुट इन हॉट ऑइल, देन टेल मी स्मेल!’’ अर्धं मिनिट केव्हाच उलटलं होतं. शिट्टी सरांच्या दातांत होती, पण त्यांनी ती वाजवली नाही. टीम लायनला पाच मार्क जादा दिले. टायगरनं आरडाओरडा केला, तोही इंग्रजीत.

परवा सरांना वाटलं, आता अस्सल गोऱ्यांशी गाठ घालावी. दौंड रोडला अरणगावचं मेहेराबाद आहेच. मेहेरबाबांच्या समाधीला देशोदेशींची माणसं येतात. दोन रिक्षा भरून बॅच निघाली. तारीख नेमकी १० जुलै. १९२५ साली याच तारखेला बाबांनी मौन धरलं, ते १९६९ मध्ये देह ठेवीपर्यंत सोडलं नाही, आणि त्यांचे भक्त दरवर्षी या दिवशी तोंडातून शब्द काढत नाहीत. टीम टायगरनं ‘हॅलो, व्हॉट इज युवर गुड नेम’ म्हणत जाईल त्याला गाठलं. समोरून हसू, नमस्कार, ओठांवर बोट. काकूंनी मात्र एका गोऱ्या बाईंशी नुसत्या हातवाऱ्यांवर गप्पा मारल्या. त्यात हिंगही आला असावा, कारण दोघींनी एकदम नाक दाबलं.

सर घटकाभर हिरमुसले. मग परतीच्या रिक्षातच त्यांनी शिट्टी फुंकली आणि सोमवारपासूनचा नवा खेळ जाहीर केला: मुकाभिनय. स्पोकन इंग्लिशच्या क्लासात. फी तीच.