नाट्योत्तर पिठल्याची मीमांसा

प्रस्तुत विषयाकडे विद्वानांनी आजवर केलेले दुर्लक्ष अक्षम्य आहे. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले, तेव्हापासून कोण कोणत्या भूमिकेत उभे राहिले आणि कोणाच्या कोणत्या पदाला टाळ्या पडल्या, याच्या नोंदी झाल्या. पाकशास्त्राच्या पुस्तकांनीही कपाटे भरली. मात्र रात्री साडेअकराला नाट्यगृहातून परतलेला रसिक गॅस पेटवून जे पिठले टाकतो, त्याचा नुकत्याच पाहिलेल्या नाटकाशी संबंध काय, हे कोणी विचारलेले माझ्या पाहण्यात नाही. ती उणीव भरून काढणे मला भाग आहे, कारण नाटक, सिनेमा आणि पिठले या तिन्हींवर माझे सारखेच प्रेम आहे.

सिद्धान्त आधीच सांगून टाकतो: नाटक जितके चांगले, तितक्या पिठल्यात गुठळ्या जास्त.

आता शास्त्राधार. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रस म्हणजे काय ते समजावताना भरतमुनी तडक स्वयंपाकघरात शिरतात. नाना व्यंजने आणि द्रव्ये एकत्र आली की जेवणाऱ्याला चव मिळते, तसा भावांच्या संयोगातून प्रेक्षकाला रस मिळतो, असे त्यांचे म्हणणे. ताटाकडून रंगमंचाकडे जाणारी वाट मुनींनी दाखवली. रंगमंचाकडून कढईकडे येणारी वाट त्यांनी आमच्यासाठी राखून ठेवली असावी.

चित्रपटाचा पुरावा तर याहून भक्कम. १९१२ मध्ये दादासाहेब फाळक्यांनी कॅमेरा हाताशी आल्यावर सुरुवातीलाच चित्रण केले ते वाटाण्याच्या रोपाच्या वाढीचे. पुढच्या वर्षी ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती झाले ते साळुंके; उपाहारगृहात स्वयंपाकी असलेल्या या गृहस्थांनी १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका एकट्याने निभावल्या. फाळक्यांच्या सगळ्या चमूचा स्वयंपाक त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करीत, आणि कच्च्या फिल्मला अंधारात भोके पाडण्याचे कामही त्याच करीत. सारांश, भारतीय चित्रपटाचा श्रीगणेशा एका कडधान्याने झाला आणि पहिली नायिका चुलीवरून उठून आली. एवढे झाल्यावर बेसनाला या इतिहासात जागा नाकारणे हा शुद्ध पक्षपात होय.

आता गुठळीकडे वळू. बेसन उकळत्या पाण्यात ढिगाने पडले की बाहेरच्या थरातला स्टार्च क्षणात फुगून चिकट होतो आणि आतल्या कोरड्या पिठापर्यंत पाणी पोचूच देत नाही. हे टाळण्याचे दोन संप्रदाय आहेत. कालवणारे आधी गार पाण्यात पीठ कालवतात आणि मग फोडणीत ओततात. वैरणारे फोडणीत पाणी घालून आधण आणतात आणि एका हाताने पीठ पेरत दुसऱ्या हाताने पळी फिरवत राहतात. आपल्या कामाला पहिला संप्रदाय कुचकामाचा. त्यांचे पिठले कोणत्याही प्रयोगानंतर सारखेच गुळगुळीत. वैरणाऱ्याचे दोन हात मात्र दोन कामांत असतात आणि दोहोंचा मेळ मनाने घालायचा असतो. मन दुसऱ्या अंकातच अडकले असेल, तर पिठाचा हात सैल सुटतो आणि पळीचा थांबतो.

गुठळ्यांचे वर्गीकरण असे. ‘नटसम्राट’सारख्या शोकनाट्यानंतर मोजक्याच, पण लिंबाएवढ्या गुठळ्या होतात आणि पिठले बुडाला लागते, कारण हात बराच वेळ थांबलेला असतो. उत्तम फार्सनंतर आठवून आठवून हसू येते, पळी अडखळत फिरते आणि वाटाण्याएवढ्या असंख्य गुठळ्या पडतात. संगीत नाटकानंतर पळी लयीत फिरत असल्याने गुठळ्या कमी. मिठाचा मात्र भरवसा नाही. टुकार नाटकानंतरचे पिठले निर्दोष होते. रसिकाचे सगळे लक्ष भुकेवर एकवटलेले असते, आणि तिकिटाचे पैसे कुठेतरी वसूल व्हावेत असा निर्धार मनगटात उतरलेला असतो.

आमच्या घरी हे परीक्षण मंडळींच्या हाती आहे. नाटक कसे झाले, असे त्या कधीच विचारत नाहीत. ताटाच्या कडेशी एक गुठळी बोटाने दाबून फोडतात, आतून पिवळे कोरडे पीठ भुरभुरते, आणि म्हणतात, “अहो, पुढच्या प्रयोगाला माझंही तिकीट काढा.” पिठले एकजीव असले, तर न बोलता दुसऱ्यांदा वाढून घेतात आणि त्या नाटकाचे नाव घरात पुन्हा निघत नाही.

या सिद्धान्तावर तीन आक्षेप संभवतात. पहिला, मध्यंतरात बटाटावडा खाल्लेल्याला रात्री पिठल्याची गरजच काय? हा आक्षेप घेणाऱ्याने मध्यंतरातली वड्याची रांग पाहिलेली नाही. तिसरी घंटा होते तेव्हा आपल्यापुढे अजून चार माणसे असतात. दुसरा, पूर्वी ‘वन्समोअर’च्या आग्रहामुळे संगीत नाटके पहाटेपर्यंत चालत, तेव्हा पिठल्याची वेळच येत नसे. मान्य, त्या काळासाठी उपम्याचा वेगळा अभ्यास व्हावा. तिसरा आक्षेप रावण पिठल्याचा. त्यात तिखट आणि तेल इतके सढळ असते की डोळ्यांत पाणी येऊन गुठळ्या मोजताच येत नाहीत. ते पाणी नाटकाचे की तिखटाचे, याचा निवाडा अशक्य असल्याने हा प्रकार अभ्यासातून वगळला आहे.

घरबसल्या पाहिलेल्या सिनेमाला हे शास्त्र लागू नाही. तिथे पळी फिरवायची म्हणून सिनेमा थांबवता येतो आणि दोन्ही गोष्टी नीट होतात. म्हणजे दोन्हींपैकी एकीनेही माणसाला पुरते धरलेले नसते. नाटक आपल्यासाठी थांबत नाही आणि आधणही थांबत नाही, म्हणूनच ही जोडी एकमेकांची साक्ष देऊ शकते.

तेव्हा समीक्षकांनी नाटकांना तारे देणे बंद करून गुठळ्या द्याव्यात, अशी माझी सूचना आहे. तारा देताना ओळखीपाळखी आड येतात. बेसनाला कोणाचीच भीड नसते. या विषयात भर घालू इच्छिणाऱ्यांनी नाटकाचे तिकीट आणि पाव किलो बेसन स्वखर्चाने आणावे, पीठ चाळून घेऊ नये, आणि निष्कर्ष काहीही निघाला तरी कढई त्याच रात्री भिजत घालावी.