समोरच तर आहे

सह्याद्रीत माणसाला फसवतं ते धुकं. लडाखच्या मारखा खोऱ्यात तेच काम स्वच्छ हवा करते. हवेत दमटपणा नाही, धूर नाही आणि अंतर जोखायला वाटेत एखादं झाडसुद्धा नाही. त्यामुळे दोन तासांवरचा पांढरा छोर्तेन, म्हणजे बौद्ध स्तूप, अगदी पुढ्यात असल्यासारखा दिसतो. पाणी आता तिथे पोचल्यावरच पिऊ, असं ठरवून माणूस चालू लागतो. तासाभराने मान वर करतो, तर छोर्तेन तेवढाच लांब. बहुधा तोही पुढे चालत असावा.

लेहला वर्षभरात जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडतो. मुंबईत आषाढात एवढा एका दिवसात पडतो आणि लोकल बंद पडतात. इथे मात्र हिरवा रंग काही फुकट मिळत नाही. वितळलेल्या बर्फाचं पाणी पाटाने जिथवर पोचतं, तिथवर जव, वाटाणा, विलो आणि पॉप्लर. पाट संपला की पुढच्या पावलाला वाळवंट. स्क्यू, मारखा, हंकर ही गावं अशी पाण्याने आखून दिलेली.

मुक्काम गावातल्याच एखाद्या घरी. अबी-ले, म्हणजे घरातल्या आजी, लोण्याचा खारा चहा ओततात. पानात काही टाकू नये या संस्कारात वाढलेल्या मराठी माणसाची इथे पंचाईत होते. पाहुण्याचा पेला रिकामा दिसू नये हा त्यांचा संस्कार, आणि रिकामा केल्याशिवाय उठू नये हा आपला. मग थांबायचं कुणी? जाणकार पेला भरलेलाच ठेवतात आणि निघताना संपवतात. हे शहाणपण येईपर्यंत पोटात मात्र जागा उरलेली नसते.

त्या पाहुणचाराचा पुढचा भाग वरच्या मजल्यावर. मातीच्या जमिनीत भोक, बाजूला मातीचा ढीग आणि फावडं. काम उरकलं की फावडंभर माती खाली लोटायची. पाण्याचा थेंब लागत नाही आणि तयार झालेलं खत शेतात जातं. आपण लडाखला काय दिलं, असा प्रश्न कधी पडलाच, तर निदान हे योगदान निर्विवाद आहे.

हंकरच्या वर, सुमारे ४,८०० मीटरवर, निमालिंगचं कुरण. उन्हाळ्यात खोऱ्यातली जनावरं इथे चरायला येतात. डोक्यावर ६,४०० मीटरचा कांग यात्से, आणि त्याच्या शेजारी कोंगमारू ला ही खिंड, सुमारे ५,२०० मीटरवर. इथल्या प्रत्येक श्वासात मुंबईच्या श्वासातला जेमतेम निम्मा प्राणवायू. खिंड अर्थातच समोर दिसत असते. किती वेळ लागेल, असं आम्ही घोडेवाल्याला विचारलं. त्याने खिंडीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. एकेकाच्या चालीकडे पाहिलं आणि प्रत्येकाला वेगळं उत्तर दिलं. माझं उत्तर सोबत्याच्या उत्तरापेक्षा तासाभराने मोठं होतं.